एका खोक्याचं फडताळ : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४, रविवार, सासवड

काल पुण्याहून खोकं आणलं. किलोवर पुस्तकं विकतात तिथून. २६ पुस्तकं, वजन ५ किलो ४०० ग्रॅम, २०० रुपये किलोनं १,०८० रुपये झाले. सगळी इंग्रजी, सगळ्या विनोदी अद्भुत कादंबऱ्या. त्यातल्या १९ टेरी प्रॅचेटच्या, दोन टॉम होल्टच्या, बाकी किरकोळ. एसटीत मांडीवर ठेवून आणलं, डिकीत टाकायला मन धजावलं नाही.

वाचनालयाच्या कार्यकारिणीनं एक फडताळ द्यायचं कबूल केलंय. आषाढी झाली की मांडणी करायची. तोवर माझ्याकडे चार कामं आहेत : पुस्तकं साफ करणं, बांधणी, नोंदवहीत चढवणं, आणि प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानाआधी एका पानाचं मराठी टिपण चिकटवणं. चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं. एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. आमची मुलं इंग्रजी वाचू शकतात, पण दाराशीच अडतात. ज्या गोष्टींची थट्टा चाललीय त्या गोष्टीच घरच्या नसतात, मग हसायचं कशाला ते कळत नाही. टिपणानं ते दार उघडलं पाहिजे.

नोंदीसाठी थोडं : प्रॅचेट १९४८चा, इंग्लंडमधला. डिस्कवर्ल्ड मालिकेतली पहिली कादंबरी 'द कलर ऑफ मॅजिक' १९८३ची. मार्च २०१५मध्ये तो गेला, तोवर मालिकेच्या ४१ कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, शेवटची त्याच्यामागे छापली गेली. जग तबकडीसारखं सपाट, चार हत्तींच्या पाठीवर, आणि हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे. हे वाचून आपल्याकडचं पोरगंही म्हणेल, अरे हे तर आजीनं सांगितलंय.

१४ मे, मंगळवार

गच्चीत सावलीला पुस्तकं उघडी करून ठेवली. थेट उन्हात नाही, कागद आधीच पिवळा पडलाय. स्वस्त पेपरबॅकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लानं तो आतूनच जळत जातो. कडा तपकिरी, मधलं पान अजून फिकट.

सात पुस्तकांत कसर दिसली. ती सात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून डीप फ्रीझमध्ये टाकली, पाच दिवस राहू देत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या हवेला आल्याशिवाय उघडली तर पानांवर दव धरतं. बाकीच्यांत वेखंडाचे तुकडे ठेवले.

चार प्रती इंग्लंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयांतून निघालेल्या. आत 'विथड्रॉन'चा, म्हणजे ग्रंथालयातून काढून टाकल्याचा शिक्का, परतीच्या तारखांची चिठ्ठी अजून चिकटलेली. एका चिठ्ठीवर १९९६ ते २००३ अशी ओळीनं तारखांची रांग आहे. आठ वर्षं कुणी ना कुणी हे घरी नेत होतं. या चिठ्ठ्या काढणार नाही. तिकडे १९७९च्या कायद्यानं पुस्तक ग्रंथालयातून नेलं गेलं की लेखकाला थोडा मोबदला मिळतो. जुनं पुस्तक विकलं गेलं तर मात्र लेखकाच्या हाती काही पडत नाही. हे मला लागून राहिलं. म्हणून ठरवलं, फडताळासाठी दोन पुस्तकं तरी नवीकोरी, पूर्ण किमतीला घ्यायची.

१९ मे, रविवार

नोंदवही. २६पैकी २५ चढली, एकीपाशी दुपार गेली. 'स्मॉल गॉड्स', कॉर्गी प्रकाशनाची पेपरबॅक आवृत्ती, १९९३. मागच्या कव्हरचा कोपरा कसरीनं खाल्लेला, आणि आतलं पान ओलीनं चिकटून छपाई उठलेली. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा, शेवटचा आकडा दोन्हीकडे गेलेला. हाती उरलं ते ०-५५२-१३८९०, पुढे भोक.

दहा आकडी आयएसबीएनमध्ये शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो, म्हणजे तो हिशेबानं काढता येतो. पहिल्या आकड्याला १०नं गुणायचं, दुसऱ्याला ९नं, असं उतरत नवव्याला २नं. आली ती बेरीज अशी : ०, ४५, ४०, १४, ६, १५, ३२, २७, ०. एकूण १७९. आता यात असा आकडा मिळवायचा की बेरजेला ११नं पूर्ण भाग जावा. १८७ म्हणजे ११ सतरे. म्हणून ८. वहीत पूर्ण क्रमांक लिहिला आणि फार समाधान वाटलं. कीड लागलेल्या कोपऱ्यातलं अक्षर उरलेल्या अक्षरांनीच परत दिलं.

२६ मे, रविवार

आज वाईट झालं. नऊ पुस्तकं बाइंडरकाकांकडे दिली होती. या पेपरबॅक शिवलेल्या नसतात. सुट्या पानांच्या पाठीला गरम गोंद लावलेला असतो, तीस वर्षांत तो काचेसारखा कडक होतो आणि उघडलं की कट्कन तडकतो. घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मेच नाहीत, तर ते दोऱ्यानं शिवून जुजबंदी कशी करणार? काकांनी त्यांच्या रीतीनं बाजूनं टाके घातले, पुठ्ठा चढवला, आणि तिन्ही कडा मशिनवर कापून सरळ केल्या. दिसायला देखणं काम झालं.

पण प्रॅचेटची अर्धी गंमत तळटीपांत असते. मजकूर एक सांगत असतो, खाली बारीक टाइपात लेखक हळूच दुसरंच सांगून जातो. 'मॉर्ट'च्या एका पानाच्या तळाची शेवटची ओळ अर्धी कापली गेली. अक्षरांची डोकी तेवढी राहिली, खालचं गेलं. मी तिथेच दुकानात बसले. काका म्हणाले, "बाई, दोन सूतच कापलंय, सगळ्या पुस्तकांना कापतो." त्यांची चूक नाही म्हणवत. शाळेच्या पुस्तकांना खाली बोटभर जागा असते. मी आधी सांगायला हवं होतं.

यापुढचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिला : कटिंग करायचं नाही. टाके घालायचे नाहीत, आतला समास आधीच अरुंद आहे, पुस्तक पूर्ण उघडणार नाही. जुना गोंद खरवडायचा, पानं सारखी करून दोन फळ्यांत दाबायची, पाठीला पांढरा गोंद पातळ हातानं, त्यावर जाळीचं कापड, वर पुन्हा गोंद. रात्रभर दाबून ठेवायचं. काकांनी ऐकून घेतलं आणि उरलेली सगळी तशीच करतो म्हणाले. पुठ्ठ्याच्या खळीत ते मोरचूद घालतात, कसर लागत नाही. ते मात्र चालू ठेवा म्हटलं.

२ जून, रविवार

'विचेस अब्रॉड'चं टिपण. १९९१ची कादंबरी. तीन वेळा लिहून फाडलं, चौथं राहिलं.

अडचण 'फेअरी गॉडमदर'पाशीच आली. आपल्याकडे सिंड्रेला सगळ्यांना माहीत आहे, पण त्या बाईला नाव नाही. परी म्हटलं तर पंख दिसतात, मावशी म्हटलं तर नातं लागतं. शेवटी टिपणात तिचं काम लिहिलं : मुलीच्या जन्मापासून तिच्या पाठीशी उभी राहणारी, इच्छा पुरवणारी बाई. कथेत अशीच एक बाई मरते आणि छडी मॅग्रॅट नावाच्या तरुण चेटकिणीकडे येते. मॅग्रॅट, ग्रॅनी वेदरवॅक्स आणि नॅनी ऑग दूरच्या जेनुआ शहराकडे निघतात. काम उलटं आहे. एका मोलकरीण पोरीचं राजपुत्राशी लग्न *होऊ द्यायचं नाही*. ग्रॅनी आणि नॅनी या आपल्या गावातल्या दोन म्हाताऱ्यांसारख्याच आहेत. एक करारी, कुणाचं ऐकून न घेणारी, दुसरी सगळ्यांच्या स्वयंपाकघरात बसून गाणी म्हणणारी.

जेनुआवर लिलिथचं राज्य आहे. तिचा हट्ट, की माणसांनी गोष्टीप्रमाणे वागलं पाहिजे. खेळणी करणारा लालबुंद गालांचा आणि गाणं गुणगुणणारा हवा. तसा नसेल तर तुरुंग. पुस्तकाचा कणा हाच आहे : गोष्टींना स्वतःचं बळ असतं, त्या माणसाला धरतात आणि आपल्या वळणावर ओढून नेतात.

मराठी वाचकाला हे समजावायला मला सिंड्रेला लागलीच नाही. श्रावणातल्या कहाण्या आठवल्या. आटपाट नगर होतं. तिथे एक ब्राह्मण असतो, त्याला दोन बायका किंवा सात सुना असतात, आणि कुणीतरी वसा टाकते. वसा टाकला की वाटोळं ठरलेलं. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. आई पाटावर बसून हे वाचायची तेव्हा मला त्या धाकट्या सुनेची फार काळजी वाटायची. तिला दुसरं काही करायची मुभाच नव्हती. जेनुआ म्हणजे असं आटपाट नगर, जिथून बाहेर पडता येत नाही. टिपणात नेमकं हेच वाक्य ठेवलं.

कादंबरीत एक लांडगा येतो. लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीतला. लिलिथनं त्याला माणसासारखा विचार करायला लावलंय, कारण गोष्टीला तसा लांडगा हवा. तो धड लांडगा राहिलेला नाही आणि माणूस झालेला नाही. शिकार जमत नाही, उपाशी आहे, आणि हे संपवा म्हणून विनवतो. लाकूडतोड्याची कुऱ्हाड त्याला सोडवते. मी हे पान दरवेळी थांबून वाचते. इतक्या हसवणाऱ्या पुस्तकात मध्येच हे येतं, आणि मग कळतं की परीकथेची थट्टा करणाऱ्या लेखकाला त्या कथेतल्या लांडग्याची किती कणव आहे.

आणखी एक : मॅग्रॅटच्या छडीतून काहीही करायला गेलं तरी भोपळाच होतो. चल रे भोपळ्या टुणुक टुणुक ज्यानं ऐकलंय त्याला तो भोपळा परका वाटणार नाही. टिपणाच्या शेवटी म्हातारीची आठवण करून दिली.

ताजा कलम. कोडीत इथून जवळच. तिथे १८९८ साली जन्मलेल्या अत्र्यांनी १९२५मध्ये 'झेंडूची फुले' काढली. विडंबन करायचं तर मूळ कविता तोंडपाठ लागते, तिच्या लयीत श्वास घ्यावा लागतो. आमच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको.

९ जून, रविवार

भाची आली होती. कव्हरं पुसायला बसवली. जुनी कव्हरं चित्रकार जॉश किर्बीची, माणसांनी, दातांनी, धुरानं खच्चून भरलेली. तिनं 'द कलर ऑफ मॅजिक' उचललं आणि विचारलं, "मावशी, या माणसाला चार डोळे का?" मजकुरात त्या प्रवाशाला चार डोळ्यांचा म्हटलंय, म्हणजे चष्मेवाला. किर्बीनं खरेच चार काढले. किर्बी २००१ साली गेला, पुढची कव्हरं पॉल किडबीची. दोघांची पुस्तकं शेजारी ठेवली की काळ बदललेला दिसतो.

चौदा कव्हरं झाली. पेट्रोलनं स्टिकरचा चिकटा निघतो, पण रंगही उतरतो. रॉकेल थोडं सौम्य. सगळ्यात चांगलं खोबरेल तेल, रात्रभर ठेवून सकाळी मऊ कापडानं.

१६ जून, रविवार

कार्यकारिणीची बैठक. मी 'स्मॉल गॉड्स'चं टिपण वाचून दाखवलं आणि पहिल्याच ओळीला हरकत आली. त्या कादंबरीतल्या देवाचं नाव ओम आहे. महान देव ओम, आणि तो पृथ्वीवर परत येतो तो कासव होऊन. एक सभासद उठून म्हणाले, हे आपल्या वाचनालयात नको, लोक दुखावतील.

मी रागावले नाही. त्यांची भीती खरी आहे. उच्चार तोच आहे, आणि पुढे काय आहे ते त्यांनी वाचलेलं नाही. म्हटलं, आधी कथा ऐका. ऑम्निया नावाचं धर्मराज्य. लाखो लोक, मंदिरं, पुरोहित, आणि छळखाने. देव परततो तर सामर्थ्य गेलेलं, एका डोळ्यानं आंधळं छोटं कासव. गरुडानं उचललं आणि वरून सोडलं, ते कंपोस्टच्या ढिगावर पडलं म्हणून वाचलं. (गरुडानं टाकलेल्या कासवानं मेला असं प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसबद्दल सांगतात, लेखकानं ते उचललंय.) आता त्याचा आवाज एकालाच ऐकू येतो. ब्रुथा, मठाच्या बागेत खरबुजं राखणारा, सगळे मंद म्हणतात असा नवशिका. एवढ्या मोठ्या धर्मात देवावर खरा विश्वास ठेवणारा तो एकटाच उरलाय. बाकीच्यांचा विश्वास आहे तो व्यवस्थेवर, आणि ती चालवणाऱ्या व्हॉर्बिसच्या धाकावर. सुरुवातीलाच व्हॉर्बिस एका कासवाला उताणं करतो, उलटू नये म्हणून दगड लावतो आणि काय होतं ते बघत राहतो. एवढ्यावरून माणूस कळतो.

तिथला धर्म शिकवतो की जग चेंडूसारखं गोल आहे. पाखंडी कुजबुजतात की जग सपाट आहे आणि खाली कासव चालतंय. १६३३ साली गॅलिलिओवर खटला चालला त्याची ही उलटी छाया. सत्य गोल का सपाट हा प्रश्नच नाही. बोलणाऱ्याला यातना देणारा हात कुठल्याही बाजूला असू शकतो.

हरकत घेणारे गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग बाई, टिपणात पहिल्याच ओळीत लिहा, हा आपला ओंकार नव्हे." लिहिते म्हटलं. तरी निर्णय महाराजांनी पुस्तक पाहिल्यावर घ्यायचं ठरलं. आमच्याकडचे कीर्तनकार, सभासदही आहेत. त्यांना इंग्रजी वाचता येतं.

२३ जून, रविवार

महाराजांनी पाच दिवसांत पुस्तक वाचलं. वारीच्या तयारीत असूनही वेळ काढला. घरी आले, चहा घेतला, आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

त्यांना काय भावलं ते त्यांच्या शब्दांत लिहून ठेवते. "बाई, देव माणसाच्या विश्वासावर लहान-मोठा होतो हे वाचून लोक चिडतील असं तुम्हाला वाटलं होतं ना? अहो, तुकोबांनी देवालाच सुनावलंय की भक्तावाचून तुला रूप कुठलं. हा इंग्रज तेच म्हणतोय, फक्त कासवाच्या तोंडून." मग नाथांच्या रोडग्याच्या भारुडावर आले. सासू-सासऱ्यांचं वाईट कर, मग तुला रोडगा वाहते, असा भवानीला नवस बोलणारी ती बाई. चारशेहून अधिक वर्षं लोक त्यावर हसतायत, आणि भवानीची पूजाही चालू आहे. "नाथांनी देवीची टिंगल केली नाही, सौद्याची केली. हा पण सौद्याचीच करतोय."

ब्रुथाचं पाठांतर त्यांना फार आवडलं. त्याला वाचता येत नाही, पण पाहिलेलं काहीच विसरत नाही. एफेबीच्या ग्रंथालयाला आग लागते तेव्हा तो गुंडाळ्या नुसत्या डोळ्यांखालून घालतो आणि सगळं ग्रंथालय डोक्यात घेऊन वाळवंटात निघतो. महाराज म्हणाले, आमच्या वारकरी फडावर असे म्हातारे होते, अक्षरओळख नाही आणि शेकड्यांनी अभंग मुखोद्गत. मी टिपणात हे घातलं. माझ्या आधीच्या मसुद्यात हा भागच नव्हता.

मग त्यांनी मला जेजुरीच्या कासवाची आठवण दिली. खंडोबासमोरचं ते भलं मोठं पितळी कासव, भंडाऱ्यानं पिवळंजर्द. "प्रत्येक देवळात देवाआधी पाय लागतो तो कासवाला. इथल्या माणसाला कासवात देव बघायला काय जड जाणार?" इतकी वर्षं मी जेजुरीला जाते, ही पुस्तकं त्याहून जुनी ओळखीची, आणि हे दोन धागे मी कधी जोडले नव्हते.

टिपण नव्यानं लिहिलं. सुरुवात देवळातल्या कासवानं.

३ जुलै, बुधवार

पालखीचा सासवडला दुसरा मुक्काम. घरी अकरा वारकरी. काम बंद. सकाळी ओसरीवर एका आजोबांनी फळ्यांत दाबलेलं पुस्तक पाहिलं, विचारलं, "काय दुखणं हाय?" पाठ मोडलीय म्हटलं. त्यांनी पुस्तकाला हात लावून नमस्कार केला.

१४ जुलै, रविवार

उरलेली टिपणं भराभर झाली. 'हॉगफादर' (१९९६) दोनच परिच्छेदांत. लाल कपड्यातला भेटवस्तू देणारा म्हातारा नाहीसा होतो आणि मृत्यू स्वतः त्याची दाढी लावून कामाला निघतो. मुलांनी आधी लहान खोट्यांवर विश्वास ठेवायला शिकलं तरच पुढे न्याय, दया अशा मोठ्या गोष्टींवर ठेवता येतो, हा त्यातला विचार मी टिपणात सरळ सांगितला नाही. तो पुस्तकात ज्या जागी येतो तिथेच भेटला पाहिजे. होल्टच्या दोन्हींची टिपणं कामापुरती.

दोन पुस्तकं अपुरी निघाली, मधली पानंच नाहीत. ती बाजूला. फडताळावर २४ आणि नवी घेतलेली २, मिळून २६.

'मॉर्ट'च्या कापलेल्या ओळीसाठी पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडची प्रत मागवली. काकांना दाखवायला दुकानात घेऊन गेले. त्यांनी दोन्ही पानं शेजारी धरली, भिंग घेतलं, आणि म्हणाले, "द्या, मीच करतो." पातळ कागदाची पट्टी कापली, जेमतेम चार मिलिमीटर रुंद. ओळ मी लिहिली, सगळ्यात बारीक निबेच्या पेननं, श्वास रोखून. त्यांनी ती पानाच्या तळाला डकवली, वरून हाडाची पट्टी फिरवली. नखानं चाचपलं तरच जोड कळतो.

२१ जुलै, रविवार

फडताळ मांडलं. वरच्या कप्प्यात किर्बीची कव्हरं, खाली बाकीची. बैठकीत हरकत घेतलेले गृहस्थ सगळ्यांत आधी आले आणि 'स्मॉल गॉड्स' मागितलं. मी नोंदवहीत क्रमांक घातला, ०-५५२-१३८९०-८, आणि आतल्या इंग्लंडच्या चिठ्ठीवर, २००३च्या शेवटच्या तारखेखाली, आपला शिक्का मारला. परतीची तारीख ४ ऑगस्ट.